चोखणी सोडवताना घराची झोप : एक संवाद

तान्ह्या मुलाला चोखण्याची जी ओढ असते ती केवळ भुकेची नसते. आईच्या पोटात असतानाच गर्भ अंगठा तोंडात धरतो आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दिसूही शकते. जन्मानंतर पोट भरलेले असतानाही मूल ओठांची आणि जिभेची तीच लयबद्ध हालचाल करत राहते आणि त्या हालचालीनेच शांत होते. वैद्यकात याला पोषणेतर चोखणे, म्हणजे दूध मिळत नसतानाचे चोखणे, असे म्हणतात. या ओढीसाठी तयार केलेली वस्तू म्हणजे चोखणी : रबराचे किंवा सिलिकॉनचे बोंड, ते घशात जाऊ नये म्हणून ओठांबाहेर टेकणारी चकती, आणि मागे धरायला एक कडी. दुकानात ती पॅसिफायर म्हणून मिळते, घरात तिला नुसते निपलही म्हटले जाते. मूल चालू-बोलू लागले की ती सोडवली पाहिजे याबद्दल घरातल्या कोणाचेही दुमत नसते, तरीही दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान हे काम आज-उद्यावर ढकलले जाते, कारण चोखणी गेली तर झोपही जाईल अशी भीती सर्वांनाच वाटत असते. ही भीती कितपत खरी आहे, आणि खरी असेल तर ती कोणाच्या झोपेची आहे, हा प्रस्तुत संवादाचा विषय आहे.

संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांच्या भूमिका मात्र छत्रपती संभाजीनगरात रोज कानावर पडणाऱ्या आहेत. आत्या शासकीय रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात परिसेविका म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचा भाचा सिडकोत दवाखाना चालवणारा बालरोगतज्ज्ञ. त्यांच्यापुढचे उदाहरणही असेच सर्वसाधारण आहे : वीस महिन्यांची मुलगी, वडील वाळूजच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारे, आई बँकेत नोकरीला, झोपायची खोली एकच, आणि त्या खोलीत मुलीला चोखणीशिवाय झोप न येणे.

आत्या : “चोखणी कशी सोडवावी हा प्रश्नच मुळात उशिरा विचारलेला आहे. ती घरात आलीच कशाला, हे आधी विचारायला हवे होते. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या जाहीर केल्या, त्यांतली नववी स्पष्ट होती : अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम बोंड किंवा चोखणी देऊ नये. पुढे डिसेंबर १९९१ मध्ये आपल्याच वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि १९९२ मध्ये दुधाचे पर्याय, बाटल्या व शिशुआहार यांच्या विक्रीला आणि जाहिरातीला लगाम घालणारा केंद्रीय कायदा आला. बाटलीच्या व्याख्येत त्या कायद्याने तिचे बोंडही धरले. वाटी-चमचा चालेल, बोंडले चालेल, बाटली चालणार नाही, ही शिस्त कक्षात मोठ्या कष्टाने बसवावी लागली. आता तेच बोंड बाटलीविना, शिकल्यासवरल्या घरांत मागच्या दाराने येऊन बसले आहे.”

भाचा : “आत्या, ती नववी पायरी २०१८ मध्ये बदलली. बाटली, बोंड आणि चोखणी यांचा वापर आणि त्यांतले धोके आईला समजावून सांगावेत, असे आता तिथे लिहिलेले आहे. सरसकट बंदी राहिलेली नाही. जुन्या बंदीमागची चिंता रास्त होती, पण ती पहिल्या काही आठवड्यांची होती : नवजात बाळ चोखणीवरच समाधान मानू लागले तर ते आईला कमी ओढेल, आणि कमी ओढले की दूध कमी होईल. स्तनपान नीट बसल्यानंतरची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००५ पासून पहिल्या वर्षात झोपवताना चोखणी द्यावी अशी शिफारस केलेली आहे, कारण चोखणी घेऊन झोपणाऱ्या बाळांमध्ये पाळण्यातला आकस्मिक, अकारण मृत्यू कमी आढळतो.”

आत्या : “पहिल्या वर्षात, हे तुझेच शब्द आहेत. त्या मृत्यूची व्याख्याच एक वर्षाखालच्या बाळापुरती आहे आणि सर्वाधिक धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात असतो. मग ती शिफारस वीस महिन्यांच्या मुलीला कशी लावायची?”

या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. चोखणीविरुद्धचा जुना आक्षेप आणि तिच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, हे दोन्ही पहिल्या वाढदिवसापर्यंत संपुष्टात आलेले असतात. त्यानंतर उरतात दात, कान आणि झोप. यांपैकी दात आणि कान यांच्याबाबत दोघांमध्ये फारसा वाद नाही, म्हणून तो भाग थोडक्यात पाहता येतो. चोखणी तोंडात असताना जीभ खाली दाबली जाते, तिचा वरच्या जबड्याला आतून मिळणारा आधार सुटतो आणि गालांचा बाहेरून येणारा दाब मात्र चालूच राहतो. परिणामी वरची कमान अरुंद होत जाते, दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत, आणि पुढचे दात मिटल्यावरही त्यांच्यामध्ये फट राहते. ही सवय तीन वर्षांच्या आत सुटली तर पुढची फट बहुधा आपोआप भरून येते. दाढांचा विषमपणा मात्र तितक्या सहजी जात नाही. दिवसाकाठी चोखणी किती तास तोंडात असते यालाही येथे महत्त्व आहे. कानाविषयीचा एक जुना प्रयोग फिनलंडमधील औलू शहरातला आहे. तेथील बाल आरोग्य केंद्रांत काही पालकांना चोखणी फक्त झोप लागेपर्यंतच द्या असे समजावण्यात आले, तेव्हा त्या गटातील मुलांमध्ये मध्यकर्णाच्या तीव्र संसर्गाचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा उल्लेख आजही होतो. घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, आणि सतत चोखण्याने नाकामागचा स्राव तिच्यात ढकलला जात असावा, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. संभाजीनगरच्या संदर्भात येथे स्वच्छतेचा मुद्दाही जोडावा लागतो. जायकवाडीचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने नळाला येत असल्यामुळे ते टाक्यांत आणि पिंपांत साठवलेले असते, आणि दिवसातून पंचवीस वेळा जमिनीवर पडणारी चोखणी दर वेळी उकळलेल्या पाण्याने धुतली जाते असे मानणे भोळेपणाचे होईल.

आत्या : “एवढे सगळे मान्य आहे, तर मग थांबायचे कशासाठी? आज संध्याकाळी ती कचऱ्यात टाकावी. दोन-तीन रात्री रडणे होईल, चौथ्या रात्री मूल झोपेल.”

भाचा : “दिवसाची चोखणी आजच बंद करावी, त्याबद्दल वाद नाही. खेळताना, टीव्हीपुढे, गाडीवर पुढे बसवल्यावर तिची काहीच गरज नसते; ती मुलाच्या गरजेपेक्षा मोठ्यांच्या शांततेसाठी तोंडात जाते. रात्रीचे गणित मात्र निराळे आहे, आणि ते समजून न घेता टाकलेली चोखणी तिसऱ्या रात्री दुकानातून परत येते.”

रात्रीचे हे गणित म्हणजे ज्याला निद्रासाहचर्य म्हणतात ते होय. झोप लागते त्या क्षणी अंगाला, कानाला आणि तोंडाला जी परिस्थिती जाणवत असते तिच्याशी मेंदू झोपेची सांगड घालतो. झोप सलग नसते. तिची आवर्तने असतात, मोठ्यांत सुमारे दीड तासाची आणि लहान मुलांत त्याहून आखूड, आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर प्रत्येक जण क्षणभर अर्धवट जागा होतो. सारे काही झोपताना होते तसेच असेल तर तो कूस बदलून पुन्हा झोपतो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. काही बदललेले असेल तर पुरता जागा होतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगण्यासाठी मे महिन्याची एक रात्र पुरेशी आहे : कूलरची घरघर चालू असेपर्यंत सारे घर गाढ झोपलेले असते, आणि वीज जाऊन ती थांबली की उकाडा जाणवण्याच्याही आधी एकेक जण उठून बसतो. मुलाच्या तोंडातली चोखणी झोप लागल्यावर काही वेळाने गळून पडते. पुढच्या सांध्यावर मूल अर्धवट जागे होते तेव्हा तोंड रिकामे असते, आणि मग रडणे सुरू होते. अमेरिकी वैद्य रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मधील आपल्या पुस्तकात या यंत्रणेची मांडणी केली, तेव्हापासून बालनिद्रेच्या चर्चेत ती पायाभूत मानली जाते, त्यांनी सुचवलेली शिकवण्याची पद्धत कोणाला पटो वा न पटो.

या रडण्याचे घरातले रूप सर्वांच्या ओळखीचे आहे. रात्री दोनच्या सुमारास आई मोबाइलच्या टॉर्चने गादी आणि भिंत यांमधल्या फटीत हात घालून चोखणी शोधते. ती सापडत नाही म्हणून उशी उचलते, मग पलंगाखाली वाकते. तेवढ्यात वडील उठून कपाटावरची दुसरी आणतात, ती तांब्यातल्या पाण्याने खळबळून मुलीच्या तोंडात जाते, आणि अर्ध्या मिनिटात खोली शांत होते. शोधाशोध टाळण्यासाठी काही घरांत चोखणी दोऱ्याने झबल्याला बांधतात. झोपेत तो दोरा गळ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो, म्हणून तसे कधीही करू नये.

आत्या : “म्हणजे तूच सांगतोस की रात्री जागे करणारी ती चोखणीच. मग तीच काढली की रोग मुळासकट गेला.”

भाचा : “अर्धा गेला. गळून पडलेली चोखणी ज्या मुलाला स्वतः शोधता येत नाही त्याच्या बाबतीत हे खरे आहे, पण वीस महिन्यांची अनेक मुले उशाशी हात फिरवून ती शोधतात, तोंडात घालतात आणि कोणालाही न उठवता झोपतात. अशा मुलाला चोखणी जागवत नाही, उलट तिच्या आधाराने ते स्वतःचे स्वतः झोपते. ती काढली की त्याच्याजवळचे तेवढे एक साधन जाते. त्या रिकाम्या जागी काय येणार हे आधी ठरवायला नको का?”

आत्या : “काय येणार, आईचा हात येणार. आपल्याकडे मूल कधी एकटे झोपले? आईच्या कुशीत, आजीच्या पदराखाली, नाहीतर झोळीत. वस्तूला कवटाळून झोपायची वेळ त्यांच्यावर येते, ज्यांना वेगळ्या खोलीत टाकलेले असते.”

आत्यांच्या या बोलण्याला अभ्यासाचा आधार आहे, आणि तो भाच्यानेही नाकारलेला नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी संक्रमणवस्तू ही संकल्पना मांडली : आईपासून वेगळे होण्याच्या काळात मूल पांघरुणाचा कोपरा किंवा कापडी बाहुली अशी एखादी वस्तू आईच्या जागी धरते आणि तिच्या आधाराने ते अंतर ओलांडते. पुढे १९७६ मध्ये हाँग आणि टाउन्स या संशोधकांनी अमेरिकी आणि कोरियन कुटुंबांची तुलना केली, तेव्हा आईशेजारी झोपणाऱ्या कोरियन मुलांमध्ये अशा वस्तूंची ओढ बरीच कमी आढळली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देश-प्रदेशांतील तीन वर्षांखालच्या २९,२८७ मुलांच्या पाहणीतही आशियाई समाजांत मुले प्रामुख्याने पालकांच्या खोलीत किंवा अंथरुणात झोपतात, उशिरा झोपतात आणि एकूण कमी झोपतात असे दिसले. देह जवळ असेल तर वस्तूची गरज कमी पडते, हे आत्यांचे म्हणणे म्हणून निव्वळ जुन्या काळाचे कौतुक ठरत नाही.

भाचा : “पण आत्या, आईचा हात हेही निद्रासाहचर्यच आहे. चोखणीऐवजी आईचा दंड, केस किंवा स्तन धरून झोपलेली मुलगी रात्री दोन वाजता तोच दंड शोधणार. चोखणी निदान गादीत सापडते. आई सकाळी साडेनऊला बँकेत जाणार, वडिलांची पहिली पाळी असली तर त्यांना न्यायला कंपनीची बस पहाटेच चौकात येणार, आणि आजी गावाकडे. तुमच्या काळी मूल कुशीत झोपायचे तेव्हा घरात कुशी तरी चार होत्या.”

आत्या : “कुशी चार होत्या, पण त्यांतली कामाला जुंपलेली नाही अशी एकही नव्हती, हेही लक्षात घे.”

आत्यांचे हे वाक्य साऱ्या संवादात सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण येथे प्रश्न मुलाच्या सवयीवरून घरातल्या श्रमांवर येतो. मूल लवकर आणि निमूट झोपावे ही निकड आईला दुसऱ्या दिवशी, किंवा त्याच रात्री, काम असते त्यातून निर्माण होते, आणि तिचा इतिहास महाराष्ट्रात बराच काळा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना बाळागोळी, म्हणजे अफू घातलेली गोळी, देऊन कामावर जात, आणि तत्कालीन कामगारविषयक चौकश्यांत तिची वारंवार नोंद झालेली आहे. त्या बायकांना मुलांची काळजी नव्हती असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पाळणाघर नव्हते, रजा नव्हती, आणि रडणारे मूल शेजारणीच्या ओटीत टाकून जाणे रोज शक्य नव्हते. बाळगुटीतले जायफळ सहाणेवर एका वळशाऐवजी चार वळसे उगाळले जाते तेव्हा हेतू तोच असतो. आजच्या घरात त्या जागी सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे सिरप येते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले, तरी “झोप तरी लागेल” म्हणून घरातल्या जुन्या बाटलीतून चमचाभर पाजणे थांबलेले नाही. चोखणी सोडवण्याच्या रात्री अशा कोणत्याही औषधाचा आधार घेऊ नये याबद्दल आत्या आणि भाचा यांचे संपूर्ण एकमत आहे. या सर्व उपायांच्या रांगेत चोखणी निःसंशय सर्वांत निरुपद्रवी ठरते. तिला कुचेष्टेने वागवणाऱ्यांनी ही रांग एकदा डोळ्यांखालून घालावी.

यानंतर दोघांचा वाद पद्धतीवर येतो. आत्यांच्या पिढीचा उपाय म्हणजे कडूपणा आणि धाक : बोंडाला कडुलिंबाचा किंवा कोरफडीचा रस लावायचा, किंवा चोखणी बागुलबुवाने नेली असे सांगायचे.

भाचा : “बागुलबुवा नको. जो बागुलबुवा चोखणी नेतो तो अंधारात पुन्हाही येऊ शकतो, हे दोन वर्षांच्या मुलाला बरोबर कळते, आणि मग चोखणीच्या जागी भीती घेऊन ते झोपायला जाते. कडू रसाने दिवसाची ओढ कमी होईलही, पण झोपेच्या वेळी ज्या गोष्टीवर विश्वास टाकला तीच एका रात्रीत उलटली, एवढाच त्याचा अर्थ मुलाला लागतो. गोडाचे उपाय तर त्याहूनही वाईट : बोंडाला मध किंवा साखर लावून रात्रभर तोंडात ठेवणे म्हणजे दुधाच्या दातांना कीड लावणे, आणि एक वर्षाखालच्या बाळाला तर मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.”

आत्या : “कडू नको, धाक नको, गोड नको. मग हवे काय?”

भाचा : “क्रम हवा. प्रथम दिवस मोकळा करायचा. मग रात्रीची झोपायची वेळ, आणि दुपारची झोप सर्वांत शेवटी. दिवसभर जागे राहिल्याने अंगात झोपेचा जो दाब साठतो तो रात्री सर्वाधिक असतो, म्हणून नव्या रीतीने झोपायला शिकणे रात्री सोपे जाते. दुपारी हा दाब कमी असतो. चोखणीविना दुपार साधली नाही तर मूल झोपतच नाही, संध्याकाळी पाच वाजता चिडचिडीने लोळण घेते, आणि अति थकलेले मूल रात्रीही तुटक झोपते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपार धरून ११ ते १४ तास झोप हवी असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका सांगते. आपल्याकडे जेवणे उरकून अकराला दिवे मालवतात, मग सकाळी पाळणाघराच्या वेळेला मूल अर्धवट झोपेतून ओढून उठवले जाते. अशी तूट असलेल्या मुलाची चोखणी काढणे म्हणजे आधीच उधारीवर चाललेल्या घराचे भांडवल काढणे. आधी आठवडाभर झोपायची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणावी, मग चोखणीला हात घालावा.”

आत्या : “आणि हे सगळे करताना तिसऱ्या रात्री मुलीने आकांत केला की ‘आजच्या दिवस देऊ’ म्हणत ती पुन्हा तोंडात घालायची. हळूहळू सोडवणाऱ्या घरांचे हेच होते. हळूहळूला शेवटची तारीख नसते.”

या आक्षेपात व्यवहाराचे शहाणपण आहेच, शिवाय शास्त्रही आहे. एखाद्या सवयीला मिळणारे फळ अचानक थांबले की ती सवय मावळण्याआधी काही काळ अधिक उसळते, असे वर्तनशास्त्र सांगते. म्हणून दुसरी किंवा तिसरी रात्र पहिलीपेक्षा अवघड जाणे हे अपयशाचे लक्षण मानू नये. त्याच रात्री चोखणी परत दिली, तर पुरेसे रडले की ती मिळते एवढेच मूल शिकते आणि पुढच्या वेळी तेवढेच रडण्याची तयारी ठेवते. भाच्याची सौम्यता योग्य आहे, पण तिला आत्यांच्या निश्चयाची जोड नसेल तर ती मुलाला दोनदा रडवते. रात्रीपाठोपाठ दुपारचीही चोखणी एकदा बंद केली की घरातल्या सर्व चोखण्या, पर्समधली आणि आजोबांच्या खिशातलीही, खरोखर घराबाहेर गेल्या पाहिजेत. बोंड थोडे थोडे कापत नेण्याचा उपाय सांगितला जातो. कापलेल्या बोंडाचा तुकडा तुटून घशात अडकण्याचा धोका असल्यामुळे तो दोघांनाही मान्य नाही.

मोकळ्या हाताला काय द्यावे याविषयी मात्र दोघे अनपेक्षितपणे जवळ येतात. वर्ष ओलांडलेल्या मुलाच्या अंथरुणात मऊ वस्तू ठेवायला हरकत नसते, आणि आईच्या जुन्या सुती साडीची शिवलेली लहानशी गोधडी ही विनिकॉट यांच्या संकल्पनेचे अस्सल मराठी रूप ठरू शकते : तिला ओळखीचा वास असतो, ती गळून पडत नाही, अंधारात हाताला लगेच लागते, आणि दातांवर तिचा काही परिणाम होत नाही. चोखणी चालू असतानाच ती काही दिवस सोबत द्यावी, म्हणजे एक आधार जाण्याआधी दुसरा रुजलेला असतो. डेन्मार्कमध्ये निरोपाचाही एक रिवाज पडला आहे. कोपनहेगनजवळच्या फ्रेडरिक्सबर्ग उद्यानात एका झाडाला मुले आपापल्या चोखण्या रिबिनीने बांधून येतात. आत्यांना ही कल्पना पटते, कारण उष्टावण, जावळ, बोरन्हाण अशा टप्प्यांनी मुलाची वाढ मोजणाऱ्या समाजात मोठे झाल्याची एक खूण आणखी सहज सामावते. भाचा एवढीच पुस्ती जोडतो की वीस महिन्यांच्या मुलीला निरोपाचा अर्थ कळणार नाही, अडीच वर्षांच्या मुलीला कळेल.

वयाचा प्रश्न अशा रीतीने शेवटपर्यंत सुटत नाही. आत्यांच्या मते दिवस आणि रात्र दोन्ही आत्ताच बंद व्हावीत, कारण वर्षभराने मुलगी बोलू लागेल, मागणी करू लागेल आणि हट्टाला शब्द मिळतील. भाच्याच्या मते दिवस आत्ता, आणि रात्र दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान. तीन वर्षांची मर्यादा मात्र कोणत्याही सबबीवर ओलांडू नये. दोन्ही मते दातांच्या आणि कानांच्या दृष्टीने चालण्यासारखी आहेत, आणि नेमका महिना ठरवण्याइतका पुरावा कोणाच्याच बाजूला नाही. तेव्हा निर्णय घराच्या स्थितीवर घ्यावा लागतो, आणि तेथे प्रस्तुत लेखाचा कल असा आहे की तारीख रात्री उठणाऱ्या माणसाने ठरवावी. जो पाठ फिरवून झोपणार आहे त्याने ती ठरवू नये. बहुतेक घरांत उठणारी आईच असते, आणि सल्ला देणारे दिवसा भेटतात. वडिलांची रात्रपाळी नसलेला आठवडा निवडावा, आणि पहिले काही दिवस त्यांनीच मुलीला थोपटून झोपवावे; रात्री अजून अंगावर पिणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर याचा विशेष उपयोग होतो, कारण आईच्या जवळ जाताच तिला चोखण्याची आठवण होते. नव्या भावंडाचा जन्म, घर बदलणे, जूनमध्ये बालवाडी सुरू होणे, ताप किंवा दाढा येणे, आणि अंगावरचे दूध तोडणे, यांपैकी काहीही त्याच महिन्यात असेल तर चोखणी सोडवणे थोडे लांबणीवर टाकता येते. दूध आणि चोखणी एकाच वेळी तोडणे हे तर सर्वांत अविचाराचे, आणि आत्यांनीही तेवढ्यापुरती आपली घाई मागे घेतली आहे.

बहुसंख्य मुलांची झोप एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होते. ती झाली नाही तर दोष चोखणीच्या अंगावर ढकलून स्वस्थ बसू नये. मूल घोरत असेल किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल तर नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या आहेत का हे पाहावे लागते. आणि मूल रात्रभर पाय झाडत, कूस बदलत तळमळत असेल तर शरीरातील लोहाची तपासणी करून घ्यावी, कारण लोहाची कमतरता आणि अस्वस्थ झोप यांचा संबंध वैद्यकाला परिचित आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात सुमारे ६७ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि त्याची पहिली तपासणी कोणत्याही सरकारी रुग्णालयात होऊ शकते.